सोमवारची साखर

…आणि वर मलाच विचारतात, सोमवारी तुम्हाला नेमकं होतं तरी काय? अहो, सोमवारी मला काय व्हायचंय? मंगळवारी जे होतं तेच सोमवारी होतं. साडेपाचला उठते, साडेसहापर्यंत ओटा पुसून, केस विंचरून, खिडक्या उघडून तयार असते आणि सातच्या ठोक्याला बोट टोचते. आणि हा तिशीतला मुलगा, डॉक्टर झाला म्हणून काय झालं, फोनच्या पडद्यावरून मला विचारतो, सोमवारी सकाळी सात ते आठ या वेळात तुमच्या मनाला काही विशेष यातना होतात का? फक्त सात ते आठ! म्हणजे माझ्या यातनासुद्धा कचेरीची वेळ पाळतात, असं त्यांचं म्हणणं. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर म्हणाल बाई कुठून कुठे निघाल्या.

आमच्या भागात डॉक्टर नाहीत. होते. दोन वर्षांपूर्वी थकले, मुलीकडे राहायला गेले, दवाखान्याला कुलूप लागलं. पाटी तेवढी राहिली, ‘भेटण्याची वेळ नऊ ते बारा’, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण काही माणसं अजून नऊ वाजता त्या पाटीसमोर जरा वेळ थांबतात आणि बरं वाटल्यासारखी परत येतात. पुढचा दवाखाना बसने साडेतीन तासांवर. बस पोहोचते साडेअकराला, आणि रक्त द्यायचं उपाशीपोटी. म्हणजे सत्तरीच्या माणसानं रिकाम्या पोटी साडेतीन तास खड्ड्यांतून जायचं, तिथे दोन तास रांगेत बसायचं, आणि मग तिथल्या बाई सांगणार की आज यंत्र बंद आहे. मग माणसं काय करतात? जात नाहीत. तळपायाला मुंग्या आल्या की म्हणतात चप्पल चावते, डोळ्यांपुढे धुकं आलं की म्हणतात चष्मा जुना झाला, आणि रात्रीतून पाच वेळा उठावं लागलं की म्हणतात वय झालं.

मलाही मधुमेह निघाला तो असाच, मुलाकडे गेले असताना. मुलगा, म्हणजे आमचे चिरंजीव, मोठ्या शहरात सतराव्या मजल्यावर राहतात. खिडक्या आहेत, पण उघडत नाहीत. काचेला बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटतो आणि तो पुसायला एक वेगळा फवारा आहे. सूनबाई स्वभावानं फार चांगल्या, आणि तीच तर अडचण आहे, वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. मी कप विसळायला घेतला की दोघं दोन दिशांनी धावत येतात. आई बसा. आई राहू दे. आई, तुम्ही कशाला? एकवीस दिवस मी नुसती बसले होते. बाविसाव्या दिवशी मला शंका आली की मी माणूस आहे की नीट पुसून ठेवलेली फुलदाणी. त्याच मुक्कामात चक्कर आली, तपासण्या झाल्या, साखर निघाली, आणि चिरंजीवांना निमित्त मिळालं. आई, आता इथेच राहायचं.

मी म्हटलं, नाही. माझं दार, माझी किल्ली, माझी खुर्ची, मी माझ्या घरी जाणार. वाद झाला. सूनबाईंनी तोडगा काढला की हल्ली दूर राहणाऱ्या वृद्धांसाठी फोनवरून उपचार देणारी योजना आहे, घरी यंत्र देतात, डॉक्टर पडद्यावर दिसतात. चिरंजीव म्हणाले, ठीक आहे, तीन महिने बघू, साखर आटोक्यात राहिली तर आई तिकडे, नाही राहिली तर आई इकडे, मग एक शब्द ऐकून घेणार नाही. म्हणजे पाहा, या वयात माझं घर माझ्या रक्ताच्या एका थेंबावर ठेवलं हो त्यांनी.

तर योजनेची नर्सबाई गाडी घेऊन आली. दारात गाडी तिरकी लावली, ती मी आधी सरळ करायला लावली. तिनं एक पेटी दिली. त्यात तळहाताएवढं यंत्र, तीन महिने पुरून उरतील इतक्या पट्ट्या, एकदाच वापरून टाकायच्या सुया, एक फोन आणि एक पुस्तिका. बोट टोचा, थेंब पट्टीला लावा, आकडा बघा, बाकी तुम्हाला काही करायचं नाही, असं म्हणाली आणि निघून गेली. मी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. शुद्धलेखनाच्या तेवीस चुका निघाल्या, त्या लाल शाईनं दुरुस्त केल्या. ‘यंत्र इतर कोणाच्याही हाती देऊ नये’ या वाक्याखाली रेघ मारली. सतराव्या पानावर मोठा मथळा होता, ‘केवळ तंत्रज्ञांसाठी’. मी तंत्रज्ञ आहे का? नाही. जे आपल्यासाठी नाही ते आपण वाचू नये, एवढं वळण मला आहे. मी पुस्तिका मिटली. आता यात माझं काय चुकलं?

आता डॉक्टरांचं ऐका. दर पंधरवड्याला ते फोनच्या पडद्यावर येत. पहिल्या दिवशी मी इस्त्रीचे कपडे घालून, फोन दोन्ही हातांनी धरून, ताठ बसले. ते म्हणाले, आजी, फक्त कपाळ दिसतंय. मी म्हटलं, मी तुमची आजी नाही. ते म्हणाले, बरं, बाई, फोन जरा खाली घ्या. घेतला. म्हणाले, आता फक्त गुडघे दिसतायत. शेवटी फोन बरणीला टेकवून उभा केला तेव्हा आमची समोरासमोर गाठ पडली. मुलगा दिसायला बरा, पण मागे भिंतीवर कॅलेंडर वाकडं, ते मी त्यांना सरळ करायला सांगितलं. त्यांनी निमूट केलं. मग म्हणतात, तुमची पावलं दाखवा. मी म्हटलं, काय दाखवा? पावलं, तळवे, बोटांच्या बेचक्या, मधुमेहात पायाची जखम कळत नाही म्हणून बघावं लागतं. म्हणजे मी, या वयात, जिनं सासऱ्यांसमोर कधी पाय पसरला नाही, ती एका परक्या मुलाच्या तोंडासमोर तळवा धरून बसले, एका हातानं खुर्ची पकडून, आणि तो तिकडून सांगतोय, जरा वर, जरा डावीकडे, छान, आता अंगठा हलवा. त्यानं माझी पावलं पाहिली, पण त्याला स्वतःला पावलं आहेत की नाहीत हे मला आजपर्यंत माहीत नाही. छातीच्या खाली काही असल्याचा पुरावाच नाही.

पण साखर उत्तम! एकशे बारा, एकशे अठरा, एकशे नऊ. मी वहीत लिहून ठेवत असे, तारीख, वेळ, आकडा, खाली रेघ. शाळेच्या कचेरीत चौतीस वर्षं हजेरीपत्रकं सांभाळली मी, खाडाखोड म्हणजे काय ते मला ठाऊक नाही.

आता इथून पुढे नीट लक्ष द्या. तिसऱ्या आठवड्यात पलीकडच्या बेकरीवाल्या वहिनी पाव द्यायला आल्या आणि त्यांनी यंत्र पाहिलं. माझंही बघा ना बाई, म्हणाल्या. आता पुस्तिका म्हणते यंत्र कोणाच्या हाती देऊ नये. मी दिलं का? नाही. यंत्र माझ्या हातात, बोट त्यांचं. नियमाचा भंग कुठे झाला? सुई नवीन, पट्टी नवीन, हात साबणानं धुऊन घेतले. आकडा आला तीनशे बारा. वहिनी म्हणाल्या, हे चांगलं की वाईट? मी म्हटलं, माझे एकशे बारा, तुमचे तीनशे बारा. त्या खूश झाल्या हो! त्यांना वाटलं दोनशे मार्कांनी पुढे आहेत.

मग काय, बातमी भिंतीवरून पलीकडे गेली. पुढच्या सोमवारी दारात अकरा माणसं. घड्याळदुरुस्तीवाले भाऊजी, निवृत्त पोस्टमन, बेकरीवाल्या वहिनी आणि बाकी सगळी साठीच्या पुढची, कुणाच्या हातात काठी, कुणाचा एक डोळा अधू. यांतल्या कुणालाही दोन वर्षांत डॉक्टरांनी हात लावलेला नाही. आता दारात आलेल्या माणसाला परत पाठवायचं? मी शिस्त घालून दिली. दर सोमवारी, फक्त सोमवारी, सात ते आठ. आधी माझं बोट, मग क्रमांक एक ते अकरा. हात धुतल्याशिवाय बाकावर बसायचं नाही. बाकावर बसून स्वतःच्या दुखण्याची गोष्ट सांगायची नाही. वापरलेली सुई झाकणाच्या डब्यात. वहीत हजेरी, वेळ, आकडा. घड्याळवाले भाऊजी वेळ सांगणार, कारण त्यांना दुसरं काही करता येत नाही आणि गप्प बसता येत नाही. सात दहा, म्हणाले की टोचायचं. सात पंधरा, म्हणाले की पुढचा. इतका सुंदर कारभार कुठल्या सरकारी दवाखान्यात पाहिलाय तुम्ही? आता यात माझं काय चुकलं?

आणि माणसांना हुरूप यावा म्हणून मी शेवटी निकाल वाचत असे. ज्याचा आकडा सर्वांत कमी तो पहिला. साधा हिशेब आहे, साखर जास्त वाईट, म्हणजे साखर कमी चांगली. पोस्टमनभाऊ पहिल्याच सोमवारी अठ्ठ्याण्णव घेऊन पहिले आले. आयुष्यात प्रथमच पहिला आलो म्हणाले, आणि टोपी काढून सगळ्यांकडे पाहिलं. पुढच्या सोमवारी एक्क्याऐंशी, पुन्हा पहिले. मग बहात्तर. मी जाहीर शाबासकी दिली. बेकरीवाल्या वहिनी मात्र कायमच्या शेवटी, तीनशेच्या खाली उतरायला तयार नाहीत. निकाल वाचताना त्यांचं नाव मी सर्वांत शेवटी घेत असे.

आणि मग दुसऱ्या महिन्यात योजनेनं फोनमध्ये एक बाई आणून बसवली. जिवंत बाई नाही, आवाज. सोमवारी सात पंधराला, वहिनींचा थेंब पट्टीला लागतो न लागतो, तोच माझा फोन वाजला. मधाळ आवाज. तुमची साखर धोकादायकरीत्या वाढली आहे, कृपया दोन पेले पाणी प्या आणि पंधरा मिनिटे चाला. मी वही पाहिली. माझी साखर सातला एकशे चौदा होती. पण यंत्र मोठ्या माणसांनी बनवलेलं, त्याला आतलं काही दिसत असेल, आपल्याला काय कळतं? मी दोन पेले पाणी प्याले आणि टेबलाभोवती चालायला लागले. चालता चालताच पोस्टमनभाऊंचं बोट टोचलं. पुन्हा फोन. तीच बाई, तोच मध. तुमची साखर धोकादायकरीत्या कमी झाली आहे, त्वरित तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. पाच मिनिटांत? मी म्हटलं, अहो बाई, आत्ताच तर वाढली होती. तिनं ऐकून घेतलं नाही, ती कुणाचंच ऐकून घेत नाही, बोलते आणि ठेवून देते. मी आज्ञाधारक माणूस. तीन चमचे साखर घातली, ढवळली, प्याले. तोवर घड्याळवाल्या भाऊजींचं बोट, दोनशे ऐंशी, पुन्हा फोन, पुन्हा पाणी, पुन्हा प्रदक्षिणा! सोमवारची ती साठ मिनिटं मी कशी काढत होते म्हणून सांगू? एका हातात सुई, एका हातात चमचा, पोटात बादलीभर पाणी, पाय टेबलाभोवती, आणि अकरा माणसं बाकावरून माझ्याबरोबर माना फिरवतायत, या बाजूनं त्या बाजूला.

आणि गंमत म्हणजे दर सोमवारी बरोबर साडेसातला चिरंजीवांचा फोन. आई, बरी आहेस ना? आई, घाम येतोय का? आई, बसली आहेस की चालते आहेस? मला इतकं भरून यायचं. मी बाकाकडे वळून अभिमानानं सांगायची, पाहा, मुलगा कितीही कामात असो, सोमवारी आईची आठवण काढल्याशिवाय राहत नाही. बेकरीवाल्या वहिनींनी डोळे पुसले होते एकदा. त्यांचा मुलगा वर्षातून दोनदा फोन करतो, तोही चुकून लागतो म्हणून.

डॉक्टर मात्र दिवसेंदिवस उतरत चालले. पडद्यावर आले की माझ्याकडे असे बघायचे, जसं एखाद्यानं वाकड्या भिंतीकडे बघावं. सोमवारी काय खाता? विचारलं तेवढंच उत्तर द्यावं असं माझं वळण, मी म्हटलं, पावाचे दोन तुकडे. सोमवारी झोप लागते का? लागते. सोमवारी घरात कुणी गोड आणून ठेवतं का? नाही. सोमवारी कुणाशी भांडण होतं का? भांडण नाही, घड्याळवाल्यांना समज द्यावी लागते. ते त्यांनी लिहून घेतलं. त्याच आठवड्यात मला मनाच्या आजारांच्या एका बाईंचा फोन आला, त्यांनी हळू आवाजात विचारलं, घड्याळांची भीती कधीपासून वाटते? आता यात माझं काय चुकलं? कुणी सरळ विचारलंच नाही की सोमवारी तुम्ही करता काय.

असे तीन महिने भरत आले. बाराव्या आठवड्याचा सोमवार. मनात मी निश्चिंत होते, वहीतले माझे आकडे सगळे उत्तम, आता चिरंजीव काय बोलणार? बाकावर अकरा जण. पोस्टमनभाऊ त्या दिवशी जरा ओलसर दिसत होते, कपाळावर घाम, हात थरथरत होता, पण मी म्हटलं, परीक्षेची धास्ती. आकडा आला अठ्ठावन्न. मी वहीत लिहिलं आणि जाहीर केलं, आजवरचा विक्रम. बाकानं टाळ्या वाजवल्या. फोनमधल्या बाईनं मला साखर प्यायला सांगितली. मी चमचा उचलला.

आणि दार उघडून चिरंजीव आत आले. हातात रिकामी सुटकेस, ती माझ्यासाठी. पहाटे निघाले होते, वाटेत जे मिळेल ते खाल्लेलं, तोंड सुकलेलं. दारातच उभे राहिले. त्यांच्यापुढे काय, तर बाकावर अकरा म्हातारी माणसं, आई टेबलाभोवती फेऱ्या घालतेय आणि हातात साखरेचा पेला. तेवढ्यात बरणीला टेकवलेला फोन वाजला, पडद्यावर डॉक्टर. ठरवून केलेलं होतं सगळं दोघांनी, सोमवारी सकाळी, मला रंगेहाथ पकडायचं म्हणून! डॉक्टर म्हणाले, बाई, तुमची साखर आत्ता दहा मिनिटांत तीनशे पाचवरून अठ्ठावन्नवर आली, असं कुठल्याही माणसाचं होत नाही, मी आज तुम्हाला इन्सुलिनवर घालणार होतो… आणि थांबले. डोळे बारीक केले.

“तुमच्या मागे कोण बसलंय?”

पाहा, तीन महिन्यांत पहिला योग्य प्रश्न. मी म्हटलं, क्रमांक एक ते अकरा.

मग सगळं बाहेर आलं. यंत्राला लागलेला प्रत्येक थेंब आपोआप फोनमधून तिकडे जातो, माझ्या नावावर. सतराव्या पानावर लिहिलं होतं, ते केवळ तंत्रज्ञांसाठी. आणि तोच आकडा चिरंजीवांच्या फोनवरही जातो, म्हणून ते दर सोमवारचे साडेसातचे फोन. ते कळल्यावर मी क्षणभर खाली बसले. बेकरीवाल्या वहिनींनी सरकून मला बाकावर जागा करून दिली.

डॉक्टर म्हणाले, वही आहे? मी म्हटलं, वही नसायला काय झालं? मग ते तिकडून वेळ आणि आकडा वाचू लागले आणि मी इकडून माणूस उभं करू लागले. सात दहा, तीनशे पाच? बेकरीवाल्या वहिनी, हजर. मागच्या सोमवारी सात पंचवीस, दोनशे एक्क्याण्णव? घड्याळवाले भाऊजी उठले आणि म्हणाले, सात सव्वीस होते. डॉक्टरांचा चेहरा बदलत चालला. रागावलेला माणूस हळूहळू वाकून बघायला लागतो, तसा तो पडद्यात मोठा मोठा होत गेला. मग म्हणाले, आज सात वीस, अठ्ठावन्न?

पोस्टमनभाऊ टोपी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, “माझा पहिला नंबर आहे, साहेब.”

“बाई, तो पेला त्यांना द्या. आत्ता. बोलू नका, द्या.”

मी दिला. हात कापत होते त्यांचे, मी पेला धरला, त्यांनी घोट घोट घेतला. पाव आणला वहिनींनी. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं पडदा सोडला नाही, पुन्हा टोचायला लावलं, त्र्याऐंशी आले, तेव्हा कुठे मागे टेकले. मग खोदून खोदून विचारलं तेव्हा पोस्टमनभाऊंनी सांगितलं की पहिला नंबर जाऊ नये म्हणून ते रविवारी जुन्या गोळ्या दुप्पट घेत होते आणि जेवत नव्हते. डॉक्टर हळूच म्हणाले की अशा आकड्यावर माणूस झोपला तर कधी कधी उठत नाही. साखर कमी म्हणजे चांगली, हे मी ठरवलं होतं. टाळ्या मी वाजवायला लावल्या होत्या. इतका वेळ तुम्हाला विचारतेय ना, माझं काय चुकलं म्हणून? हे चुकलं. त्या दिवशी वहीतलं निकालाचं पान मी फाडलं. चौतीस वर्षांत फाडलेलं ते पहिलं पान.

बाकी डॉक्टरांनी मला दोन वाक्यं रागानं सुनावली आणि पुढची वीस वाक्यं कागद मागवण्यात घालवली. एका गल्लीत अकरा मधुमेही, एकाचीही नोंद कुठे नाही, आणि नऊ सोमवारांचे वेळेसकट आकडे तयार. अकराही जणांना योजनेत घेतलं, प्रत्येकाच्या नावानं वेगळं यंत्र यायचं ठरलं, आणि प्रत्येकाला पडद्यासमोर पावलं धरायला लावली. घड्याळवाल्यांच्या टाचेला जखम निघाली, त्यांना पत्ताच नव्हता. ती आता भरतेय. बेकरीवाल्या वहिनींना कळलं की तीनशे म्हणजे मार्क नव्हेत, त्या माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत.

आणि मी चिरंजीवांना म्हटलं, पाहिलंस? माझे आकडे हे, एकशे बारा, एकशे सोळा, एकशे दहा. सुटकेस उचल. आई तू बरोबर होतीस, एवढं म्हणायला त्यांना पाच मिनिटं लागली, आणि तेवढ्यात दोन तांबे पाणी प्याले. तिसरा भरायला उठले. मी पाहत होते. तोंड सुकलेलं, दोनदा मोरीकडे जाऊन आले, पट्टा दोन भोकं आत गेलेला. मी म्हटलं, बस बाकावर. म्हणाले, आई, मला काय झालंय, मला वेळ नाही. मी म्हटलं, हात धू. आमच्याकडे बाकावर बसल्यावर कुणी वाद घालत नाही. टोचलं. यंत्रानं क्षणभर विचार केला, आणि तेवढ्यात चिरंजीवांच्या खिशात फोन ओरडला. त्यांनी वाचला आणि पांढरे पडले.

“आई, तुझी साखर तीनशे एक्केचाळीस झाली.”

“माझी नाही,” मी म्हटलं. “तुझी.”

त्यांच्या घराच्या रस्त्यावर सात दवाखाने आहेत हो, मी मोजलेत, एकवीस दिवस दुसरं काम काय होतं? त्यातल्या एकाचीही पायरी ते चढले नव्हते. डॉक्टरांनी तिथल्या तिथे आणखी प्रश्न विचारले, तपासण्या लिहून दिल्या, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पुन्हा दोनशे साठ आले, गोळ्या सुरू झाल्या, खाण्याचा कागद आला. मी म्हटलं, झालं, आता घरी जाऊन पाळ. म्हणून सूनबाईंना फोन लावला. मला वाटलं, रडतील. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, आई, इथे ते कुणाचं ऐकत नाहीत, कचेरीतून येताना काय काय खातात ते मला गाडीतल्या कागदांवरून कळतं. तुमच्याकडे रांग आहे, वही आहे, शिस्त आहे. त्यांचं काम काय, कुठूनही होतं. ठेवून घ्या.

मी म्हटलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, घाई नाही.

तर आता माझ्या टेबलाच्या एका टोकाला संगणक मांडून चिरंजीव बसलेले असतात, कानाला ते वाटीसारखं यंत्र लावून सबंध दिवस कुणाशीतरी मोठ्यानं बोलत असतात, आणि मी खोलीतून गेले की बोलताबोलता खूण करतात, खायला काय आहे? माझ्या खुर्चीत त्यांची पाठ दुखत नाही, म्हणून खुर्ची त्यांची झाली. त्यांना उजेड लागतो, म्हणून खिडकीही त्यांचीच. मी कप विसळायला घेतला तर मुळीच धावत येत नाहीत, उलट आपलाही आणून ठेवतात. साखर मात्र उतरतेय, कालची एकशे एक्कावन्न, खोटं कशाला सांगू. मुलाकडे जाऊन राहायचं नाही यासाठी एवढा आटापिटा केला मी, आणि तो सफल झाला, नाही असं कोण म्हणेल? नाही राहिले मी मुलाकडे. चला, उठते, सातला दोन मिनिटं कमी आहेत, आणि हाक मारल्याशिवाय त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसानं अजून हातसुद्धा धुतलेले नसणार.